खंडेनवमीला निजलेला संगणक

मी एक जुना संगणक आहे. पोलादपूरच्या एका छोट्या संगणक वर्गात खिडकीजवळ बसून असतो. माझ्या पाठीची जाळी धुळीने बुजली आहे, बटणांवरची अक्षरे पुसली आहेत. पण मित्रांनो, मी रडगाणे गायला बसलेलो नाही. मला आभार मानायचे आहेत.

वर्ग सुरू करणाऱ्या सुधीर सरांनी मला महाडहून एसटीतून मांडीवर घेऊन आणले. प्रत्येक खड्ड्याला मला कवटाळत होते बिचारे! पुढे माझ्या मागून आठ धाकटी भावंडे आली आणि तारांनी आमचे घर एक झाले. शिकाऊ बोटे मात्र आधी माझ्यावरच आपटायची. आंबेनळी घाटातल्या वाडीवरची सेजलही माझ्यावरच शिकली. म्हशींची धार काढणारी बोटे ती. एकदा ताल सापडल्यावर थांबेनात.

दोन हजार नऊ साली महाडच्या एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर तिचे काम ठरत आले होते. अट एकच होती, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याच वर्गात होणारी संगणकावरची परीक्षा पास होण्याची. ती हुकली तर भाऊ ओम तिला मुंबईला नेणार होता. मग वाडीवर आई चंद्रभागा एकटी आणि गोठ्यात चार म्हशी.

नेमके त्याच सणात सरांनी नेटवर्क नवे करायचे काढले. कोणता प्रोग्राम चालू द्यायचा ते ठरवणारे नवे नियम पेन ड्राइव्हवर घेऊन खंडेनवमीला ते एकेका भावंडापाशी बसले. माझ्याकडे वळले, तर झाडलोट करणाऱ्या साळूबाई आडव्या आल्या. त्यांनी मला हळदकुंकू लावून झेंडू वाहिला होता.

"सर, त्याला आज हात लावू नका. पूजेला बसलाय तो. उद्या उठवू."

"अहो, मग बाकीचे आठ?"

"थोरल्याची केली की धाकट्यांना पोचते."

सर हसले, "नंतर बघू" म्हणाले आणि सणाच्या गडबडीत मला साफ विसरले.

परीक्षेच्या सकाळी आठही भावंडांनी परीक्षेला दार लावून घेतले. नव्या नियमांनी परीक्षेचा प्रोग्राम परका ठरवला होता. नियम सैल करावा तर नियमांची यादीच उघडेना. दर वेळी चूक झाल्याची पाटी पडद्यावर यायची. या नियमांचे साचे जोडीने असतात. एका भागात नियम, दुसऱ्यात त्यांची नावे. सरांनी नवे नियम आणले होते, नावांचा भाग त्यांच्या महाडच्या घरीच राहिला होता, आणि जाऊन आणेपर्यंत परीक्षेची वेळ टळली असती. त्यात रस्त्याच्या खोदाईत फोनची तार तुटलेली, म्हणजे इंटरनेटही बंद. सरांनी डोके धरले.

"सर, व्हईल ना आज?" सेजलने विचारले. "नाय झाली तर ओमदादा परवा न्यायला येतोय."

सर पुन्हा तीच यादी उघडून बघू लागले. ती सवयीने माझ्यासमोर येऊन बसली. बटणांत अडकलेली झेंडूची पाकळी काढली आणि मला चालू केले. माझा पंखा घरघरला तशी सरांनी मान वर केली.

"अरे, हा राहिलाच की!"

माझ्यातली जोडी जुनी होती, पण अभंग होती. माझ्यावर यादी बिनबोभाट उघडली. सरांनी नियम सैल केला, तो तारांवरून आठही भावंडांकडे पोहोचला आणि परीक्षा सुरू झाली. माझी हुशारी यात काडीची नव्हती, मित्रांनो. मला त्या दिवशी निजू दिले होते, एवढेच!

सेजल पास झाली. आज ती महाडला खिडकीवर बसते आणि संध्याकाळच्या गाडीने घाट चढून आईकडे जाते.

मित्रांनो, नवे जरूर आणा, पण त्याची जोडी नीट तपासून आणा. आणि जे तुमच्यासाठी राबते, त्याला वर्षातून एक दिवस तरी हात जोडून विसावा द्या.

मी आता चालू होत नाही. तरी खंडेनवमीला सुट्टी काढून सेजल येते. साळूबाईंचे हात हल्ली थरथरतात, म्हणून हळदकुंकू तीच लावते. आणि दर वर्षी साळूबाई माझ्या कानाशी वाकून सांगतात, "नीज रे आज. उद्या उठवू."