गहिनीनाथ मिस्तरीचा इंग्रजीचा पेपर

“बोट दाबून धरा पप्पा, लगेच उचलू नका,” संस्कृती म्हणाली.

वार्निशनं पिवळं पडलेलं बोट गहिनीनाथनं काचेवरच्या शब्दावर टेकवलं. क्षणभरानं शब्दाखाली चौकट उघडली आणि तिच्यात हिंदीतून अर्थ आला. गौरी-गणपतीला पुण्याहून घरी आलेली पोर आपलं जुनं ई-रीडर बापाला शिकवत होती. पाटीसारखी पातळ काळी वस्तू, पण पोटात शेकडो पुस्तकं.

“अक्षरं मोठी हुत्यात का?” त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“हवी तेवढी होतात. तुम्हाला कशाला पण? एवढ्यात म्हातारे झालात?” असं म्हणत तिनं अक्षर अगदी बारीक केलं आणि एक ओळ घडाघडा वाचून दाखवली. तिला ती दिसतेय, हे पाहून त्याच्या जिवात जीव आला.

त्याच आठवड्यात तो नगरला जाऊन आला होता. घरी सांगताना तांब्याची तार आणायला चाललो म्हणाला होता. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, बराच वेळ तपासलं आणि सांगितलं, की मागच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. चष्म्यानं भागणार नाही, ऑपरेशनही नाही. कडेकडेचं दिसत राहील, चालता-फिरता येईल, पण ज्याच्याकडे रोखून पाहावं तेच पुसट होत जाईल. घरात आधी कुणाला होतं का, असं त्यांनी विचारलं. होतं. त्याचे वडील उतारवयात ओट्यावर नुसते बसून असत. येणारे-जाणारे त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलत, जणू ते तिथं नाहीतच.

गहिनीनाथनं ही गोष्ट बायकोलाही सांगितली नाही. संस्कृतीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. तिच्या कानावर गेलं असतं तर ती बॅग भरून घरीच आली असती. आणि आंधळ्या मिस्तरीकडे जळलेली मोटर कोण टाकणार?

श्रीगोंद्याच्या बसस्टँडमागं त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. उसाला पाणी चालू असताना मोटर बसली की लोक टेम्पोत घालून त्याच्याकडेच आणत. हात चांगला, बोलणं बेताचं. फक्त दहावीला इंग्रजीत गेला, तो गेलाच. ऑक्टोबरला पुन्हा बसला, पुन्हा गेला. पुढं कारखान्यात चिकटायची वेळ आली तेव्हा ते आडवं आलं, सोयरीक जुळवताना चारचौघांत त्याचा उल्लेख झाला. चपलेत अडकलेल्या खड्यासारखं ते जन्मभर टोचत राहिलं, एवढंच. दिसतंय तोवर हा खडा एकदा काढायचा, असं त्यानं नगरहून येताना एसटीतच ठरवलं होतं.

बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म त्यानं भरला. सगळे विषय नव्यानं द्यावे लागणार होते. फॉर्म घेताना शाळेतल्या क्लार्कनं विचारलं, काही अपंगत्व वगैरे आहे का. असेल तर दाखला आणा, लेखनिक मिळतो, तो पेपर वाचून दाखवतो. गहिनीनाथ नाही म्हणाला.

मग दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो ते यंत्र घेऊन बसू लागला. संस्कृतीनं सोपी पुस्तकं भरून दिली होती. त्यातली बोटीवरच्या एका स्वयंपाक्याची गोष्ट त्यानं धरली. पहिल्या वाक्यातल्या एकेका शब्दावर बोट ठेवण्यात त्याची अख्खी दुपार गेली. दुसऱ्या दिवशी तेच शब्द पुन्हा अनोळखी. त्याची बायको सविता मागच्या घरातून त्याला जेवायला हाका मारून थकायची. या वयात जिवाला कशाला तरास करून घेता, असं म्हणायची, आणि तरी चहाचा कप आणून शेजारी ठेवायची.

दसऱ्यापर्यंत ओळी कळायला लागल्या. अक्षरं मात्र वाढवावी लागत होती. संक्रांतीच्या सुमारास काचेवर चार-पाच शब्दच मावू लागले. लांब वाक्य असलं की त्याचा पहिला तुकडा डोक्यात धरून पान उलटायचं, मग दुसरा, मग तिसरा. एका दुपारी तो स्वयंपाकी कप्तानाच्या भीतीनं करपलेली भाकरी स्वतःच्या टोपीत लपवतो, ते वाचून गहिनीनाथ मोठ्यानं हसला. हसल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण एकाही शब्दावर बोट धरलं नव्हतं. तो उठून दुकानाच्या दारात आला. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. समोर उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. थोडा वेळ उभा राहून तो आत गेला.

परीक्षा सुरू झाली. पोरासोरांत बसायची लाज त्यानं आधीच गिळली होती. मराठीचा पेपर त्यानं अर्धा वाचून आणि अर्धा अदमासानं सोडवला. आपली भाषा; शब्दाचं शेपूट दिसलं तरी तोंड ओळखता येतं. इंग्रजीचंही असंच जमेल, असं त्यानं मनाला बजावलं.

इंग्रजीचा पेपर हातात आला आणि त्याला कळलं, की जमणार नाही. वरची ठळक अक्षरं तेवढी लागली. खाली ओळींच्या जागी राखाडी पट्टे होते. मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेनं, कागद नाकाशी नेऊन त्यानं पाहिलं. एखादा शब्द हाती येई आणि त्याच्या शेजारचा निसटे. नकळत त्याचं बोट कागदावरच्या एका शब्दावर गेलं आणि तिथंच दाबून राहिलं. त्याच्या ते ध्यानात आलं, तेव्हा त्यानं हात मांडीवर घेतला.

पर्यवेक्षक बाई जवळ आल्या. “काका, काही अडचण आहे का?”

एक शब्द बोलायचा होता. बाई चांगल्या वाटत होत्या.

“न्हाई,” तो म्हणाला.

पुढं मात्र कोरा कागद द्यायला त्याचं मन होईना. प्रश्न काय आहेत ते माहीत नसताना त्यानं मोठमोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहायला घेतलं: जळलेली मोटर कशी उघडायची, जुनी तार कशी काढायची, नवी कशी भरायची. ओळीवर ओळ चढत होती, पण तो लिहीत राहिला. हे कुणी विचारलं नव्हतं.

पेपर सुटल्यावर तो परतला, तर दुकानाशी नेहमीचे गिऱ्हाईक आबासाहेब वाट पाहत बसले होते. त्यांची मोटर आली होती. पेपर कसा गेला म्हणून त्यांनी विचारलं.

“अवघड हुता,” गहिनीनाथ म्हणाला.

“जाऊ द्या मिस्तरी,” आबासाहेब समजुतीनं म्हणाले, “इंग्रजी काय आपल्याला सोडत न्हाई.”

त्यावर तोही हसला आणि मोटरचे बोल्ट हातानं चाचपत ढिले करू लागला.

संध्याकाळी संस्कृतीचा फोन आला. सवितानं तिला पेपरचे फोटो पाठवले होते. सोपा होता की पप्पा, असं ती म्हणाली, आणि मग तिला वाईट वाटलं असावं, कारण तिचा आवाज एकदम मऊ झाला. निदान पहिला उतारा तरी लिहिलात ना, तिनं विचारलं. आणि उत्तराची वाट न पाहता ती उतारा वाचू लागली, सावकाश, आपल्या मराठी वळणाच्या इंग्रजीत.

डोंगराकडेला राहणाऱ्या एका बाईची हकिकत होती. नवरा गेल्यावर तिनं मधमाश्यांच्या पेट्या आणल्या. गावानं नावं ठेवली. पहिल्या हिवाळ्यात निम्म्या माश्या मेल्या, तरी तिनं पेट्या विकल्या नाहीत. गहिनीनाथ ऐकत होता. शब्द एकामागून एक येत होते आणि एकही अडत नव्हता. नावं ठेवणारा गाव त्याला दिसत होता.

वाचून झालं. “कळलं का, पप्पा?”

हो म्हटलं, तर मग लिहिलं का नाही, असं ती विचारणार होती. फोन त्यानं दुसऱ्या कानाला लावला.

“न्हाई बाळा.”

“बरं, ऐका मग. मी मराठीत सांगते,” संस्कृती म्हणाली आणि लहान मुलाला सांगावं तशी सांगू लागली. “एक बाई असते. डोंगराजवळ राहते. तिचा नवरा वारलेला असतो.”

“मग?” गहिनीनाथनं विचारलं.