डोंगरावरची म्हातारी

“आन् मग त्या डोंगरावर काय ऱ्हायलं?” सरजाबाईंनी शेवटचं पान पोरांपुढे धरलं.

“कायच न्हाई!” सगळी एका सुरात ओरडली आणि प्रियांकाने नेहमीप्रमाणे भोकाड पसरलं.

वालूरच्या या अंगणवाडीत सरजाबाई मदतनीस. खिचडी शिजवायची, नाकं पुसायची आणि खिचडी होईपर्यंत पोरांना गप्प बसवायचं. त्यासाठी हे चित्रांचं पुस्तक. सरकारी पुस्तकांच्या गठ्ठ्यातून चुकून आलेलं, उर्दू. सेविका सविताला ते वाचता येईना. सरजाबाईंना कुठलंच वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. आधी घनदाट रान आणि झाडाखाली बसलेली म्हातारी. पुढे झाडं विरळ होत जात, पाखरं नाहीशी होत, म्हातारीच्या जागी एक बाई दिसे. शेवटी उघडा डोंगर आणि हातात रोपटं घेतलेली पोरगी. म्हातारी मेली, लेकही गेली, नात उरली आणि तिनं राहिलेलं झाडही उपटलं, असा सरजाबाईंनी मेळ घातला होता. जिंतूरकडचा त्यांच्या माहेरचा डोंगर असाच बोडका झालेला, म्हणून गोष्ट त्यांना खरीच वाटायची.

“मावशी, ते पुस्तक आता कपाटात टाका. पोरं घरी जाऊनबी रडायलेत,” सविता म्हणाली.

सरजाबाईंच्या जिवावर आलं. पुस्तकावर त्यांचा फार जीव. या महिन्यानंतर त्या स्वतःच निवृत्त होऊन घरी बसणार होत्या. तोवर तरी ते हाताशी असावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

तेवढ्यात लेकीला न्यायला शमीम आली. तिनं पुस्तक चाळलं, लेक घरी रडत सांगायची ती गोष्ट तिला आठवली आणि हसू फुटलं.

“मावशी, उलटं सांगायलाव की वो तुमी! आमची उर्दू किताब हिकडून, उजवीकडून सुरू होती. लेक न्हाई, नात न्हाई, एकच बाई हाय ही. ल्हानपनी रोप लावलं, मग लावतच गेली. म्हातारी झाली तवर रान झालं.”

सविताने कपाळावर हात मारला. सरजाबाई मात्र हसल्या नाहीत. इतकी वर्षं आपण या बाईला रोज सुरुवातीलाच मारत आलो, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

“मग, टाकू का कपाटात?” सविताने चिडवलं.

“हात तर लावून बघा!”

पोरांना पुन्हा गोळा करून त्यांनी दुसऱ्या बाजूने पुस्तक उघडलं. बोडका डोंगर आला, पोरगी आली, रोप लागलं. सरजाबाई आज सावकाश सांगत होत्या, कारण पुढचं त्यांनाही नवंच होतं. पाखरं आली. रान दाटलं. प्रियांकाचे ओठ सवयीने थरथरायला लागले. तिनं म्हातारीवर बोट ठेवलं.

“आता ही मरती का?”

सरजाबाईंनी म्हातारीचं तोंड नीट न्याहाळलं.

“न्हाई गं बाय. कशाला मरती? लय काम केलं तिनं. आता सावलीला बसली हाय.”

मग खिचडीखालचा गॅस बंद करून त्याही जरा वेळ पोरांत बसून राहिल्या.