एकट्या रोग्याचं दूध

रुग्णालयाच्या नोंदणी विभागात ती एकोणीस वर्षं होती. तिला सगळे आकडेताई म्हणत. ह्या नावाला तिची हरकत नव्हती, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

रोज सकाळी सहाला प्रत्येक वॉर्डातून रोग्यांची संख्या यायची. आकडेताई ती एका फाइलमध्ये उतरवायची, संगणकाचा काळा पडदा उघडून एक ओळ टाइप करायची आणि छापयंत्रातून दुधाची चिठ्ठी निघायची. एका रोग्यामागे अर्धा लिटर दूध, पिशवी एक लिटरची. अमुक वॉर्डाला इतक्या पिशव्या. चिठ्ठी खाली स्वयंपाकघरात गेली की कोठीकाका ढकलगाडी भरायचे. कोठी त्यांच्या ताब्यात होती आणि चिठ्ठीत नसलेली वस्तू त्यांच्या हातून आजवर सुटलेली नव्हती.

त्या ओळीमागची तीन ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे हिशोब करून चिठ्ठी छापणारी आज्ञावली, आकडेताईच्या धाकट्या दिराने चार वर्षांपूर्वी जेवायला आलेला असताना लिहून दिली होती. त्याआधी हे सगळं हाताने चालायचं आणि रोज कुणाशी तरी भांडण व्हायचं. स्क्रिप्ट आल्यापासून भांडणं थांबली. संगणकाशी भांडायला सकाळी सहाला कुणाच्या अंगात त्राण नसतं.

एका मंगळवारी विलगीकरण वॉर्डातून मोठ्या सिस्टरचा फोन आला.

"आकडेताई, आमचं दूध कुणी बंद केलंय?"

"कुणीच नाही. का?"

"आठ दिवस पिशवी नाही. मला वाटलं डॉक्टरांनी बंद केलं. डॉक्टरांना वाटलं रोग्याला आवडत नाही. आज रोग्यालाच विचारलं, तर ते म्हणाले, मला वाटलं पथ्य असेल."

"रोगी किती आहेत तुमच्याकडे?"

"एकच. आठ दिवसांपूर्वी बाकीचे दोघं घरी गेले. हे एकटे उरलेत. शिंपी आहेत, सत्तरीचे. छातीत संसर्ग आहे, म्हणून इकडे. आठ दिवस कोरा चहा पितायत आणि वर मला थँक्यू म्हणतायत."

"शेजारच्या वॉर्डातून कपभर मागायचंत ना."

"विलगीकरणात दुसऱ्या वॉर्डातलं भांडं येत नाही. नियम आहे. सीलबंद पिशवीच लागते."

आकडेताईने त्या आठही दिवसांच्या चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येकीवर लिहिलं होतं, विलगीकरण, रोगी एक, पिशव्या शून्य. रोज तिने स्वतःच्या हाताने सही करून खाली पाठवलं होतं. तिने चिठ्ठ्या पालथ्या ठेवल्या.

मग स्क्रिप्ट उघडली. गुणाकार ठीक होता. एक गुणिले अर्धा म्हणजे अर्धा, ह्यात संगणकाचं काही म्हणणं नव्हतं. पुढे उत्तर छापायच्या जागी टक्क्याचं चिन्ह, टिंब, शून्य आणि एफ अशी चार अक्षरं होती. म्हणजे टिंबापुढे एकही आकडा नको, जवळचा पूर्णांक दे. तिने एक ते नऊपर्यंतचे आकडे चाचणीला घातले. तीन रोग्यांना दोन पिशव्या मिळाल्या. पाच रोग्यांनाही दोनच. सात जणांना चार, नऊ जणांनाही चार. आणि एकाला काहीच नाही.

तिने दिराला फोन लावला.

"भाऊजी, तुमच्या स्क्रिप्टमध्ये चूक आहे."

त्याने सगळं ऐकून घेतलं. "वहिनी, ती चूक नाही, तो नियम आहे. आकडा नेमका अर्ध्यावर आला की तो जवळच्या सम संख्येकडे जातो. दीड दोनाकडे जातो, अडीचही दोनाकडेच येतो. कधी वर, कधी खाली. म्हणून एकूण बेरीज कुठे कलत नाही. फार विचार करून केलाय तो."

"आणि अर्धा?"

"अर्ध्याच्या एका बाजूला शून्य, दुसऱ्या बाजूला एक. त्यातली सम संख्या शून्य."

"शून्य सम असतं?"

"शून्य समच असतं, वहिनी."

"माणूस आठ दिवस कोरा चहा पितोय, भाऊजी."

"टिंबापुढे एक आकडा दाखवून बघा," तो म्हणाला.

तिने शून्याच्या जागी एक केला. दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर शून्य पूर्णांक पाच असं स्वच्छ छापून आलं आणि साडेसातला कोठीकाका चिठ्ठी घेऊन वर आले. चार वर्षांत ते पहिल्यांदाच जिना चढले होते.

"ताई, अर्धी पिशवी म्हणजे काय?"

"अर्धा लिटर, काका."

"ते मला कळतं. पण पिशवी कापली की ती पिशवी राहत नाही. तरी कापली. अकरा वॉर्डांना अर्धी-अर्धी लागते. दोन-दोन वॉर्डांच्या जोड्या लावल्या. अकरावा बिनजोडीचा उरला. त्याचा अर्धा लिटर तपेलीत ओतून पाठवला, तर सिस्टरनी दारातूनच परत केला."

"कुठला वॉर्ड?"

"विलगीकरण."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आकडेताई मास्क लावून विलगीकरण वॉर्डात गेली. शिंपीकाका खिडकीशी खुर्चीत बसले होते, अंगावर रुग्णालयाचा सदरा. सदऱ्याची एक बाही दुसरीपेक्षा लांब होती आणि ते त्या बाहीकडे अशा नजरेने बघत होते, जशी आकडेताई चुकलेल्या बेरजेकडे बघायची.

"मी दुधाची चिठ्ठी काढते," ती म्हणाली. "चूक माझ्याकडून झाली. नऊ दिवस."

"अहो, मला वाटलं पथ्य."

"पथ्य नव्हतं. संगणकाने अर्ध्याचं शून्य केलं. मी ते बघायला हवं होतं. रोज सही करत होते."

शिंपीकाकांना हे रंजक वाटलं. त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "अर्धं खाली धरतो? कसा काय? आमच्यात असं केलं असतं तर गिऱ्हाइकाने तोच कपडा गळ्यात घालून मला फिरवला असता. माप नेमकं दोन रेघांच्या मध्ये पडलं की वरची रेघ धरायची. जास्तीचं कापड आत दुमडता येतं. कमी पडलेलं ओढून येत नाही."

"त्याचं म्हणणं, कधी वर कधी खाली केलं की सगळं मिळून बरोबर येतं."

"सगळं मिळून येत असेल," शिंपीकाका म्हणाले. "पण सदरा एकेकटा घालतो ना माणूस."

ते बराच वेळ खोकले. ती थांबली. खोकला संपल्यावर त्यांनी तिला विचारलं, चहात दूध कधीपासून मिळेल. नऊ दिवसांत त्यांनी केलेली ही पहिली मागणी. ती म्हणाली, उद्यापासून.

वर येऊन तिने स्क्रिप्टची तिसरी ओळ पुसली आणि स्वतःच्या अकलेने नवी लिहिली. आधी उत्तरात अर्धा मिळवायचा, मग टिंबापुढचं सगळं छाटून टाकायचं. अर्धा अधिक अर्धा म्हणजे एक. अडीच अधिक अर्धा म्हणजे तीन. पूर्ण असलेला आकडा मात्र जिथल्या तिथे राहतो. तिने शून्यापासून साठपर्यंत प्रत्येक आकडा चालवून बघितला, कारण साठच्या वर कुठल्याच वॉर्डात खाटा नव्हत्या. ह्यात सगळी दुपार गेली. दिराला तिने काही विचारलं नाही.

गुरुवारी विलगीकरणाला एक पिशवी गेली. साडेआठला सिस्टरचा फोन आला. "दोन कप प्यायले. तिसरा मागतायत. देऊ ना?"

"द्या," आकडेताई म्हणाली. आपल्याला परवानगी देण्याचा काही अधिकार नाही, हे तिला फोन ठेवल्यावर आठवलं.

सोमवारी प्रशासन अधिकाऱ्यांनी तिला बोलावलं. त्यांच्यासमोर दोन चिठ्ठ्या होत्या, एक जुनी, एक नवी.

"रोज सहा पिशव्या जास्त जातायत. रोगी तेवढेच आहेत."

"हो साहेब. विषम संख्येचे अकरा वॉर्ड आहेत. आधी त्यातल्या सहांना खाली धरत होतो, पाचांना वर. आता सगळ्यांना वर धरतो."

"आधी बेरीज जुळत होती. मी स्वतः केली. सगळ्या रुग्णालयात मिळून फक्त अर्धा लिटर कमी पडत होतं. अर्धा लिटर म्हणजे काही नाही."

"तो अर्धा लिटर एका माणसाचा होता, साहेब. बाकीच्या वॉर्डांत पाच-पन्नास माणसं आहेत, ती आपसात भागवून घेतात. ते एकटे होते. कुणात भागवणार?"

अधिकाऱ्यांनी पुन्हा बेरीज केली. ती पुन्हा तेवढीच आली.

"हा बदल कुणाच्या आदेशाने केला?"

"कुणाच्याच नाही."

"मग तसं लेखी द्या."

तिने लेखी दिलं. बारा दिवसांनी उत्तर आलं, की ज्या वॉर्डात एकच रोगी असेल तिथे एक पूर्ण पिशवी द्यावी. इतर वॉर्डांबाबत विचार चालू आहे. आकडेताईने कागद फाइलीला लावला आणि स्क्रिप्टला हात लावला नाही. विचार चालू असेपर्यंत पिशव्या चालू राहायला तिची हरकत नव्हती. कोठीकाकांनीही काही विचारलं नाही. चिठ्ठीवर पूर्णांक होते, त्यांचं तेवढ्याने भागत होतं.

शिंपीकाका त्याच आठवड्यात बरे होऊन घरी गेले. मुलगी न्यायला आली होती. जाताना ते नोंदणीच्या खिडकीपाशी थांबले, काचेवर टकटक करून तिला हात दाखवला आणि मुलीच्या मागून हळूहळू निघाले.

त्यांचा कागद बंद करणं आकडेताईकडेच होतं. आहाराच्या रकान्यात संगणकाने आपणहून 'नियमित' असं भरलेलं होतं. तो शब्द बदलता येत नव्हता. शेजारी शेऱ्याचा रकाना होता. तिथे तिने लिहायला घेतलं, 'सलग नऊ दिवस चिठ्ठीतल्या चुकीमुळे दूध मिळालं नाही, ती चूक', आणि एवढ्यावर रकाना संपला. त्यात ठरावीक अक्षरांपलीकडे काही मावत नव्हतं, पुढचं तो न सांगता छाटून टाकत होता.

तिने पुसलं आणि आखडतं घेत पुन्हा लिहिलं. '९ दिवस दूध नाही. चूक आमची.' हे मावलं. तिने ते वाचलं. मग शेवटचा शब्द पुसून तिथे 'माझी' लिहिलं. रकान्यात दोन्ही शब्द मावत होते.

तिने नोंद जतन केली आणि पुढचा कागद घेतला.