सूर्याजीची घंटा

माधवगंजातल्या आमच्या शाळेची घंटा सूर्याजी चिंचेवर बसून गलोलीने वाजवत असे. मग शाळा तासभर आधीच सुटे. एकदा तर हेडमास्तर पांडुरंगरावही पाटणकर बाजारापर्यंत गेले, तेव्हा कुठे त्यांना ऊन अजून डोक्यावर असल्याचे दिसले.

त्या दिवशी सूर्याजीचे नाव शाळेतून काढायचे ठरले. मी इतिहास शिकवत असे, म्हणजे बरेचसे पुस्तकातूनच वाचत असे. मास्तरांच्या सभेत मी कधी बोलत नसे. पण कसे कोण जाणे, बोललो.

"घंटा त्यालाच देऊन पाहावी. म्हणजे, मला आपले वाटते. चुकतही असेन."

"हमी तुमची," पांडुरंगराव म्हणाले. "एकदा जरी चुकला, तरी नाव काढीन."

सूर्याजी हेडमास्तरांच्या खोलीतले भिंतीवरचे घड्याळ बघून बरोबर वेळेवर टोल देऊ लागला. विश्वास बसेना तो माझाच. मी दिवसभर खिशातले घड्याळ काढून बघे, धास्तीने त्याच्या किल्लीशी चाळा करी.

तीन आठवड्यांनी एका सोमवारी मी फाटकाशी पोहोचलो आणि घंटा झाली. शाळा साडेदहाची, माझ्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटे. मी तडक पांडुरंगरावांच्या खोलीत शिरलो.

"माझीच चूक झाली. हा मुलगा सुधारणारा नाही. नाव काढा."

पांडुरंगरावांनी मान वर न करताच दौत उघडली. शिपाई दौलतसिंह सूर्याजीला घेऊन आला; दोघांनी माझे बोलणे दारातूनच ऐकले होते.

"मास्तरसाहेब," सूर्याजी म्हणाला, "भिंतीकडे तर बघा ना."

भिंतीवर साडेदहा वाजून गेले होते. चाळा करता करता काटे मीच मागे नेले होते.

"आज तो मास्तरसाहब ही लेट हैं," दौलतसिंह पुटपुटला.

सूर्याजी हसला नाही. "बाकी कोणी म्हणालं असतं तर चाललं असतं. तुम्ही कशाला म्हणालात?"

पांडुरंगरावांनी दौतीचे झाकण लावले. "नाव राहील. मास्तर, याची माफी मागा."

मला प्रस्तावनेशिवाय बोलता येत नाही. मनुष्यस्वभावाविषयी आपण किती घाईने मत बनवतो, इथवर मी आलो असेन. सूर्याजीने हात वर केला.

"जरा थांबा. प्रार्थनेची घंटा द्यायची आहे."

तो गेला. मी सगळ्यांसमोर तसाच उभा राहिलो. टोल झाले, आणि तो परत येऊन माझ्यासमोर हात बांधून उभा राहिला.

"हं, मास्तरसाहेब. बोला."