डावा डाव

त्या माणसाने आमच्या टेबलावरचा लाकडी डाव उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि सरळ कॉलरमधून आत सारून पाठ खाजवायला लागला. डोळे मिटून, अगदी तब्येतीत. शेजारी त्याची बायको उभी. तिला लाज वाटावी की नाही? छे! ती म्हणाली, "अहो, जरा खाली. तिथेच तर घामोळं आलंय तुम्हाला."

"घ्यायचाय का?" मी विचारलं.

"नाही नाही, नुसतं बघतोय," असं म्हणून त्याने डाव होता तिथे ठेवला आणि दोघं पुढे गेली.

ई! मी तो डाव दोन बोटांच्या चिमटीत धरला, टेबलाखालच्या लहान खोक्यात टाकला आणि हात पुसले. माझं लक्ष नसतं तर तोच डाव उद्या कुणाच्या तरी दुधात बुडाला असता.

"असू दे गं," मागे खुर्चीवर बसलेले आमचे हे म्हणाले. "घासून घेऊ."

"तुम्हीच घासा. मी हात लावणार नाही त्याला."

खरं सांगते, मला या हस्तकला प्रदर्शनांचा वीट आलाय. कुणी लाटणं नाकाला लावून वास घेतं, कुणी चमचा दातांनी चावून बघतं. मागे एका बाईने लाकडी वाडग्यात चघळलेला च्युइंगमचा गोळा थुंकून ठेवला, वर मलाच विचारते, हेच प्लास्टिकमध्ये मिळेल का. मिळेल की, म्हटलं, जगात दुसरं मिळतंय काय! आणि प्रत्येक जण, अगदी प्रत्येक जण विचारणार, "हे खरंच हाताने केलंय?" मग मी सांगणार, "हो. हा बघा, हा जो मागे बसलाय ना, त्या आमच्या माणसाच्या हातचं आहे." मग ते यांच्याकडे पिंजऱ्यातल्या अस्वलाकडे बघावं तसं बघणार. हे खाली मान घालणार. एवढं झालं की फोटो काढून निघून जाणार.

आमचा धंदा म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. हे कापतात, कोरतात; मी घासते, तेल लावते आणि विकते. डाव, चमचे, उलथणी, लाटणी, वाडगे. लग्न झालं तेव्हा हे कपाटं करायचे. मग लोक तयार कपाटं घ्यायला लागले, तेव्हा हे लहान लहान वस्तूंवर आले आणि मग तिथेच रमले.

आता यांची एक गंमत आहे. हे डावखुरे. आणि आमच्या डावाला पातळ काही ओतायला एका बाजूला चोच असते. उजव्या हाताने वाढणाऱ्याला ती चोच डावीकडे लागते. यांच्या डावाला ती कायम उजवीकडे! कोरताना हे डाव स्वतःच्या हातात धरून बघतात, हवेतच ओततात, आणि त्यांच्या हाताला जे बरोबर वाटतं तेच कोरतात. कुणी मुद्दाम सांगून सरळ चोचीचा करून मागितला तर हे "करतो" म्हणतात, पेन्सिलीने खूणसुद्धा करतात, आणि संध्याकाळी हातात येतो तो डावाच. पेन्सिलीची खूण बिचारी दुसऱ्या बाजूला तशीच. सुरुवातीला मी कपाळावर हात मारून घ्यायचे. नंतर मी त्याचंच भांडवल केलं. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायचे, "आमच्या माणसाचा डाव डावाच असतो हो! यंत्राचा असता तर सरळ असता." लोक हसायचे आणि घ्यायचे. इतकी वर्षं या एका वाक्यावर मी डाव विकत आले.

शेजारच्या टेबलवाल्याला मी चकाचक म्हणते. त्याचा माल तसाच असतो. एकसारखे चमचे, एकसारखे डाव, काचेसारखं पॉलिश, दांड्याच्या टोकाला डागलेलं फूल. कारखान्यातून पोत्याने येतो तो माल. आणि वर पाटी काय? ‘कारागिराच्या हातून तुमच्या घरी’. कसला कारागीर आणि कसला हात! सकाळी टेबल मांडतानाच माझं डोकं फिरलं. मी आमचं मोठं खोकं उघडलं, सामान हाताला येईल तसं टेबलावर ओतलं, आणि तोंड मात्र त्याच्याकडे.

"चोर आहात तुम्ही," मी चार लोकांत म्हटलं. "यंत्राचं हाताचं म्हणून विकता. आमच्यासारख्यांच्या पोटावर पाय देता."

तो भांडला नाही, हेही मला खटकलं. पाटी सरळ करत म्हणाला, "वहिनी, सकाळी सकाळी कशाला? प्रत्येकाच्या टेबलाखाली काहीतरी असतंच."

"माझ्या टेबलाखाली वाकून बघा. जेवणाचा डबा आणि रिकामी खोकी आहेत फक्त!"

आणि मी तडक आयोजकबाईंकडे गेले. दारावर एवढं मोठं लिहून ठेवलंय तुम्ही, इथे फक्त हाताने केलेल्या वस्तू, नियम मोडला तर टेबल उचलावं लागेल. मग या माणसाचं टेबल उचला. बाई म्हणाल्या, "येते चहा झाल्यावर. दोन्ही टेबलं बघते." म्हटलं, दहा टेबलं बघा.

तर पाठ खाजवणारा गेला आणि आमच्या पेन्शनवाल्या मावशी आल्या. दरवर्षी येतात, एक डाव घेतात आणि चोचीवरून मला फैलावर घेतात. माझं वाक्य मी तयारच ठेवलं होतं. मावशींनी ढिगातला एक डाव उचलला, हवेत ओतून बघितला आणि खुदकन हसल्या.

"शेवटी ऐकलंत म्हणायचं माझं! केली की नाही चोच सरळ!"

"काय?" मी म्हटलं.

"हा बघ ना. कसा हातात बसतोय."

मी दुसरा उचलला. चोच डावीकडे. तिसरा उचलला. डावीकडे. सकाळी भांडणाच्या नादात मी एकही डाव धड बघितला नव्हता. दांडा फिरवून बघितला, तर टोकाला लाकूड जरा फिकट, तेवढंच घासलेलं. फुलाएवढं.

मावशी वाडगे बघायला पलीकडे सरकल्या.

या वर्षी हे म्हणाले होते, "घासायचं काम मी करतो, तुला धूळ सोसत नाही." मी बहिणीला फोन करून सांगितलं होतं, बाई गं, जन्मात पहिल्यांदा या माणसाला माझी काळजी वाटली. मूर्ख मी.

मी डाव घेऊन खुर्चीपाशी गेले. "हा कुणी केला?"

हे डावाकडे बघत राहिले. "अगं, लोक आहेत."

"लोक गेले खड्ड्यात. कुणी केला?"

यांनी डावा हात मांडीवरून उचलला आणि बोटं मिटायचा प्रयत्न केला. दोन बोटं मिटली नाहीत. "पटाशी धरवत नाही," हे म्हणाले. "पकड मध्येच सुटते. ही दोन बोटं तर आहेत की नाहीत तेच कळत नाही मला."

"डॉक्टर?"

"दाखवलं. शीर दबलीय म्हणाला. पूर्वीसारखं होईल असं काही म्हणाला नाही."

हे हल्ली चहाचा कप उजव्या हातात धरायचे. मी त्यावरून यांना चिडवलंही होतं, म्हातारपणी सुधारलात म्हणून. तेव्हाही हे नुसते हसले होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार? तू जगाला सांगत असतेस, आमच्या माणसाचा हात, आमच्या माणसाचा हात." यांनी तो हात परत मांडीवर ठेवला. "त्या हाताशिवाय माझ्याजवळ आहे काय सांगण्यासारखं?"

मला रडायला यायला हवं होतं. पण मला संताप आला होता आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. "आणि माल घेतलात तो त्याच्याकडून? चकाचककडून?"

यांनी मान डोलावली. "त्याने काही विचारलं नाही गं. म्हणाला, वहिनींना कळू देणार नाही."

म्हणजे सकाळी मी त्याला चोर म्हणत होते तेव्हा त्याचाच माल माझ्या टेबलावर पसरलेला होता, त्याला तो दिसत होता, आणि तो गप्प बसला. माझी लाज त्या माणसाने राखली! याची मला जेवढी शिसारी आली ना, तेवढी त्या पाठ खाजवणाऱ्याचीसुद्धा आली नव्हती. आपलीच थुंकी आपल्याच तोंडावर, दुसरं काय.

मावशी पैसे काढून उभ्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, तो डाव ठेवा. आमच्या हातचा नाही तो. यंत्राचा आहे."

"असू दे की," मावशी म्हणाल्या. "चोच बरोबर बाजूला आहे ना? मग झालं तर." आणि डाव पिशवीत घालून, पैसे टेबलावर ठेवून चालू पडल्या. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझं वाक्य ऐकून त्या डाव घेतात.

तेवढ्यात आयोजकबाई आल्या, सोबत कॅमेरावाला. "हं, काय तक्रार होती तुमची?"

चकाचक आपल्या टेबलामागे उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी "काही नाही" म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. आमचे हे खुर्चीवरून अर्धवट उठले होते.

"आधी माझं टेबल बघा," मी म्हटलं. "हे डाव आम्ही केलेले नाहीत. कारखान्यातले आहेत. उचला म्हणाल तर टेबल उचलते."

बाईंनी इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "अहो, हळू बोला ना! कोण बघतंय एवढं? सगळेच थोडं थोडं मिसळतात. टेबल भरलेलं दिसू दे, फोटो घ्यायचेत आपल्याला."

"मग दारावर लिहिलंय ते?"

"ते लिहावं लागतं," बाई म्हणाल्या, आणि कॅमेरावाल्याला म्हणाल्या, "ह्या काकांना घे. हातात एखादा डाव द्या की त्यांच्या."

कॅमेरावाल्याने ढिगातला चांगला चकचकीत डाव उचलून यांच्यापुढे धरला. यांनी तो घेतला नाही. "तो माझा नाही," हे म्हणाले. एवढंच. पण हे चार लोकांत मोठ्याने बोलले, जे आजवर कधी केलं नव्हतं. बाई "बरं बरं" म्हणत घाईने पुढच्या टेबलाकडे वळल्या.

मग मी एकेक डाव उचलून चोच बघितली आणि निवडायला बसले. सरळ तो मोठ्या खोक्यात, डावा तो टेबलावर. खोकं भरलं. टेबलावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके डाव उरले, काही चमचे, दोन वाडगे, आणि मधे नुसतं कापड. खोकं उचलून मी चकाचकच्या टेबलावर आदळलं.

"हे तुमचं."

"वहिनी, राहू द्या ना," तो म्हणाला. "दादांकडे बघून दिलं होतं मी. कुणाला कळणार होतं?"

"मला कळलं ना."

सकाळचं बोलणं मागे घ्यावं, असं ठरवून गेले होते मी. माणूस वाईट नव्हता. पण त्या पाटीवर नजर गेली, ‘कारागिराच्या हातून तुमच्या घरी’, आणि मी तशीच मागे फिरले. तो चोर नसेल, पण त्याची पाटी खोटीच होती. आणि सकाळपासून माझं तोंडही.

परत आले तेव्हा यांनी टेबलाखालचं लहान खोकं पुढे ओढलं होतं आणि मी टाकलेला तो डाव, पाठ खाजवलेला, बाहेर काढला होता. चोच उजवीकडे. यांचाच होता. घासायचा कागद उजव्या हातात घेतला होता आणि डाव डाव्या हातात धरायची खटपट चालली होती. डाव सारखा निसटत होता. मी थोडा वेळ बघितलं. मग खुर्ची ओढून समोर बसले आणि डावाचा दांडा दोन्ही हातांनी धरला. यांनी कागद फिरवायला सुरुवात केली. उजव्या हाताची सवय नाही, कागद वाकडातिकडा जात होता.

एक तरुण मुलगी आली. रिकाम्या टेबलाकडे बघून म्हणाली, "एवढंच आहे?"

"एवढंच," मी म्हटलं.

तिने एक डाव उचलला, हवेत ओतून बघितला. "अय्या, ह्याची चोच उलट्या बाजूला आहे!"

माझं वाक्य जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"हो," हे म्हणाले. मान वर न करता. "मी डावखुरा होतो."

तिने डाव हळूच होता तिथे ठेवला आणि ती चकाचकच्या टेबलाकडे गेली. मला तिचा रागही आला नाही. मी त्या ‘होतो’पाशीच अडकले होते आणि माझे हात सैल पडले होते.

"अगं, हलतोय," हे म्हणाले. "घट्ट धर."

मी घट्ट धरला.