द्रौपदाचे बावीस कागद

माझी बायको द्रौपदा गेल्याचं मला पाचोरा स्टँडवर कळलं. मी एसटीचा ड्रायव्हर. कंट्रोलरने माझी गाडी दुसऱ्याला दिली आणि मला धुळ्याच्या गाडीत बसवलं. देवपूरच्या शाळेत शिकवता शिकवता ती खाली बसली, ती उठलीच नाही.

तेरावं झाल्यावर मी घर आवरलं. पलंगाखाली वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, मधे मधे वाळका पाला. मी पाला झटकला, पेपर रद्दीत दिले. आठवड्याने तिच्या नववीच्या मुली आल्या. रत्नप्रभा म्हणाली, "काका, बाईंनी दाबून वाळवलेली पानं द्या ना. जळगावला विज्ञान प्रदर्शनात मांडायचीत. बावीस झाडं आहेत."

मी केलं ते सांगितलं. एक मुलगी रडायला लागली.

"रडू नको. पुन्हा गोळा करू," मी म्हणालो. झाडांची यादी द्रौपदाच्या वहीत होती.

मुलींना घेऊन झाडं गाठायची म्हटल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "सोबत बाई नाही, तर मुलींची सहल नाही."

शाळेच्या शिपाई मंदाबाई तिथेच होत्या. "मग मी काय बुवा आहे, सर?"

एसटीची गाडी प्रासंगिक करारावर, म्हणजे सहलीपुरती भाड्याने काढली. चालवायला मीच. जानेवारी होता. एरंडोलच्या अलीकडे एका शेठजींनी देशोदेशीची झाडं लावलेली बाग आहे, तिथे गेलो. माळी उखर्डूनाना फाटकातच आडवे आले. "झाडवरनं काही तोडानं नही. खाले पडेल बठ्ठं तुमनं शे."

खाली पडलेलं सगळं मुली वाकून वाकून वेचत होत्या. मी एक पान उचललं. "हे कसलं?"

"कृष्णवड. पानाचाच द्रोण होतो बघा. तुम्ही गाडी चालवा काका, झाडं आमच्याकडे सोडा."

वाळलेलं पान चिकटवलेल्या प्रत्येक कागदावर झाडाचं नाव, गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. रत्नप्रभाने विचारलं, "सगळीकडे बाईंचं नाव लिहू?"

मला हो म्हणावंसं वाटलं. पण द्रौपदाने खोटं लिहू दिलं नसतं. "ज्याने उचललं त्याचं लिही," मी म्हणालो.

वहीत कैलासपतीपुढे फूल लिहिलं होतं, पण झाडाखाली एकही नव्हतं. उखर्डूनाना म्हणाले, "त्याना फुलं उन्हाळामा, भाऊ."

एकवीस कागद प्रदर्शनात लागले. उन्हाळ्यात मुली आपापल्या गावी जातात, म्हणून वैशाखात मी एकटाच जाणार आहे. रजेचा अर्ज दिलाय, मंजुरी आलेली नाही. कैलासपतीचा कागद अजून व्हायचा आहे.