करमाडची सुई

चूक कबूल करणं ही रुग्णसुरक्षेची पहिली पायरी आहे, असं डॉ. बद्रीनाथ वाघचौरे यांनी रुग्णालयाच्या सभागृहात साठ सिस्टरांपुढं सांगितलं आणि क्षणभर डोळे मिटले. दुसरी पायरी त्यांनी टेबलावर ठेवली. ती पत्र्याची पेटी होती. तिला कुलूप होतं आणि किल्ली डॉक्टरांच्या खिशात.

डॉक्टर चुकांवर संशोधन करत होते. जिच्या हातून चूक होईल तिनं हिरवा फॉर्म भरून पेटीत टाकायचा. नाव लिहायचं नाही, शिक्षा होणार नाही. तीन महिन्यांत एकोणतीस फॉर्म निघाले. सव्वीस बंद पंख्यांबद्दल, दोन चहाबद्दल आणि एक कोरा.

तिसावा गौहर सिस्टरचा.

पुरुषांच्या वॉर्डात पेशंटला गावाच्या नावानं हाक मारायची जुनी रीत होती. माणसाचं नाव केसपेपरवर असायचं, आणि केसपेपर कायम कुठल्यातरी सहीला गेलेला. "ए पैठण, उठून बस." "करमाड, सलाइन संपलं का?" पेशंटलाही बरं वाटायचं. एवढ्या मोठ्या शहरात कुणी तरी आपल्या गावाचं नाव घेतंय.

त्या सोमवारी दुपारी ड्यूटी बदलताना वच्छलाबाई सिस्टर पर्स खांद्याला अडकवत म्हणाल्या, "गौहर, करमाडला जेवणाआधी इन्शुलिन. बाकी सगळं शांत." त्यांचं करमाड म्हणजे खिडकीजवळचा कडूबा. साखरेचा पेशंट, आठ दिवसांपासून पडलेला. पण तासाभरापूर्वी दुसरं करमाड दाखल झालं होतं. पुंजाराम. तापानं फणफणलेला, दोन दिवस पोटात अन्न नाही. गौहर पंधरा दिवसांच्या रजेवरून आली होती. तिनं संध्याकाळी सुई भरली आणि दारालगतच्या खाटेपाशी विचारलं, "करमाड का, बाबा?"

"व्हय," पुंजाराम म्हणाला आणि दंड पुढं केला.

थोड्या वेळानं तो घामानं चिंब झाला. ताप उतरतोय म्हणून त्याच्या बायकोनं, सरूबाईनं, समाधानानं चादर नीट केली. नंतर हलवला तर हलेना. गौहरनं साखर तपासली आणि तळाला गेलेला आकडा बघून डॉक्टरांना बोलवायला धावली. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी ग्लुकोज चढवलं आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, "कुठं बोलू नका." बुधवारी पुंजाराम गेला. कागदावर कारण आलं ताप.

गौहरनं फॉर्म भरला. वीस वर्षांच्या सवयीनं खाली सहीही ठोकली. दुसऱ्या दिवशी डॉ. वाघचौरे यांनी बोलावलं.

"सिस्टर, निनावी अभ्यास आहे हा. सही असलेला फॉर्म बाद होतो."

"मग बिनसहीचा देते, सर."

"आता मला माहीत आहे ना तो कोणाचा."

गौहर उभीच राहिली. "सर, एका गावचे दोघं आले की पुन्हा हेच होणार. मनगटाला नावाची पट्टी तरी बांधायला सांगा. तुमच्या संशोधनात आलं तरच वर कुणी ऐकेल."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "हे बघा. माझ्या प्रशिक्षणाआधी नोंदलेल्या चुका शून्य. प्रशिक्षणानंतर एक. म्हणजे माझ्या भाषणानं माणूस मेला, असा निष्कर्ष निघतो."

"भाषणानं नाही, सर. माझ्या हातानं."

"तेच म्हणतोय मी. संशोधनाचा त्यात काही संबंध नाही."

"आणि त्या बाईला काय सांगायचं?"

"कुठल्या बाईला?"

"पुंजारामच्या घरवालीला."

"नातेवाईक आपण अभ्यासात घेतलेले नाहीत," डॉक्टर म्हणाले, आणि हे मात्र त्यांनी खरोखर हळहळून सांगितलं.

रविवारी गौहर शहागंजातल्या घरून निघाली तेव्हा तिचा नवरा गयास दारात आडवा आला. "नक्को जाओ. नौकरी बी जाएगी, मार बी खाएगी." ती चपला घालत राहिली. मग तोच बसस्टँडपर्यंत सोडायला आला आणि करमाडची एसटी हलेपर्यंत थांबला.

करमाडला सरूबाईच्या ओट्यावर भेटायला आलेली दहा-बारा माणसं बसली होती. त्यांत घरी सोडलेला कडूबाही होता. गौहरनं उभ्यानंच सगळं सांगितलं. रीत, सुई, घाम, आकडा. पेटीचंही सांगितलं, पण ते कुणाला नीट कळलं नाही. कुणी अंगावर आलं नाही. एक म्हातारा नुसताच खोकला.

"म्हंजी ती सुई आमची नव्हतीच?" सरूबाईनं विचारलं.

"नाही, बाई. कडूबांची होती."

 सरूबाई कडूबाकडं वळली.

"भाऊजी, मंग तुम्ही सुईबिगर कसं राह्यले?"

कडूबानं चहाची बशी खाली ठेवली.

"मला त्या दिशी कोनी दिलीच नाय. दुसऱ्या दिशी सकाळी साखर बघितली, त डॉक्टर म्हणले, बरी हाय, आता सुईची गरज नाय. गोळ्या दिल्या अन् घरी धाडलं."